रजिस्टरातली रिकामी चौकट

जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार ओपीडीत माझ्या टेबलावर एक लांबट रजिस्टर असायचं. अनुक्रमांक, नाव, गाव, निदान आणि त्यापुढे तारखांच्या चौकटी. रुग्ण आला की त्या तारखेला बरोबरची खूण करायची. महिनाअखेरीला खुणा मोजायच्या, आकडा तक्त्यात भरायचा आणि तक्ता वर पाठवायचा. समाजसेवा अधीक्षक म्हणून १७ वर्षं मी हे केलं. आकड्यांबद्दल वरून पुष्कळ फोन यायचे. कमी का झाला, उशीर का झाला, बेरीज का जुळत नाही. रिकाम्या चौकटी किती आहेत, हे मात्र एकदाही कुणी विचारलं नाही.

मानसिक आरोग्याची चर्चा आपल्याकडे बहुतेक वेळा मानसोपचारतज्ज्ञांच्या तुटवड्यापाशी सुरू होते आणि तिथेच संपते. तुटवडा खराच आहे. पण उद्या प्रत्येक तालुक्याला एक तज्ज्ञ मिळाला, तरी तो खुर्चीत बसून समोर आलेल्यालाच तपासणार. जो आला नाही त्याच्यामागे जायचं कुणी? डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, सिस्टर आणि सामाजिक कार्यकर्ता मिळून ठरावीक रुग्णांची जबाबदारी वर्षानुवर्षं अंगावर घेतात, अशी पथकं आपल्याकडे कागदावर आहेत, पण त्यांना ते काम करू दिलं जात नाही. ती नीट उभी राहत नाहीत तोवर औषधांवरचा आणि तज्ज्ञांवरचा बराचसा खर्च पाण्यात जातो, असं माझं अनुभवाअंती झालेलं मत आहे.

दाढ दुखायला लागली की माणूस रात्री दहालाही डॉक्टरचं दार वाजवतो. दुखणं जितकं जास्त, तितके पाय लवकर उचलतात. मनाच्या गंभीर आजारांत नेमकं उलटं होतं. नैराश्य वाढलं की अंथरुणातून उठवत नाही, आंघोळ राहते, मग एसटी धरून जिल्ह्याला कोण येणार? स्किझोफ्रेनियात संशय बळावला की पहिला संशय गोळ्यांवर आणि त्या देणाऱ्यावर. उन्मादात तर माणसाला वाटतं, आपल्याइतकं ठणठणीत या जगात कुणी नाही, दवाखान्यात जायची गरज बाकीच्यांनाच आहे. म्हणजे तारखेला न येणं हेच पुष्कळदा आजार उलटल्याचं लक्षण असतं. त्याला आमची सगळ्यात जास्त गरज ज्या दिवशी, त्याच दिवशी आमच्या दप्तरी तो नसतोच.

इंग्रजीत या कामाला क्लिनिकल केस मॅनेजमेंट म्हणतात. मराठीत त्याला शब्द रुळलेला नाही आणि ‘केस’ या शब्दाने तर एकदा घोळच झाला. आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलीने फोनवर एका आईला सांगितलं, “तुमच्या मुलाची केस आता माझ्याकडे आहे.” बाई दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी धरून रडतच दारात. “ताई, काय केलं हो पोरानं? केस कशापायी लावली त्याच्यावर?” तेव्हापासून आम्ही ‘तुमच्या घराकडे आता या ताई बघतील’ असं म्हणायला लागलो. कामाची व्याख्या म्हणूनही ते वाक्य मला बरं वाटतं. आजाराकडे डॉक्टर बघतातच. गोळ्या कुणाच्या हातात असतात, त्या लपवून भाजीत तर कालवत नाहीत ना, रात्री झोपायला जागा कुठे, भावजय काय बोलते, घरात दारू कोण पितं, बांधावरून वाद चालू आहे का, याकडे कुणीतरी बघायला हवं. औषध याच घरात लागू पडायचं असतं.

मंगळवारी दुपारी ओपीडी आवरली की आम्ही पाचजण बसायचो. डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, मी, सिस्टर आणि नोंदी ठेवणारा मुलगा. चहा यायचा, रजिस्टर उघडायचं आणि फक्त रिकाम्या चौकटी मोठ्याने वाचायच्या. कुणाच्या घरी लग्न होतं, कोण सोयाबीनच्या काढणीत अडकलंय, कुणाला सिस्टरने रविवारच्या बाजारात धडधाकट बघितलं, हे सगळं वजा करून जे उरायचे ते खरे काळजीचे. इतर औषधांना दाद न देणाऱ्या स्किझोफ्रेनियासाठीच्या क्लोझापिनवर असलेल्यांना वेगळी खूण, कारण त्या औषधावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी तपासाव्या लागतात. मनाचे टोकाचे चढउतार आवरणाऱ्या लिथियमवाल्यांची रक्ततपासणी, काही आठवडे अंगात पुरणाऱ्या डेपो इंजेक्शनवाल्यांची तारीख. आणि महिन्याभरात वॉर्डातून घरी गेलेले असतील तर ते सगळ्यात आधी. मनोरुग्णालयातून सुटल्यानंतरचे पहिले तीन महिने आत्महत्येच्या दृष्टीने सर्वांत धोक्याचे असतात, हे अनेक देशांतल्या अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. आपल्याकडे नेमक्या त्या काळात माणसाच्या हातात एक कार्ड असतं, आणि कार्डावर शिक्का: ‘१५ दिवसांनी दाखवणे’.

एका मुलाचं सांगते. गाव नको, ओळख पटेल. वय २६-२७, स्किझोफ्रेनियाचं निदान, दोन वर्षं औषधावर छान स्थिरावलेला, दुचाकीच्या गॅरेजात कामाला. लागोपाठ दोन तारखा चुकल्या. फोन केला तर आई म्हणाली, “घेतोय की गोळ्या.” तिसऱ्या आठवड्यात मी आणि सिस्टर गेलो. जीप शाळेपाशी सोडली आणि गावातून चालत गेलो. दारात सरकारी पाटीची गाडी उभी राहिली की सगळी आळी गोळा होते. तो ओसरीवर बसला होता, उजवा हात टॉवेलखाली. बोलताना हातवारे सगळे डाव्याने. सिस्टरने पाणी मागितलं. त्याने तांब्या आणला, दोन्ही हातांनी घट्ट धरून, तरी उंबऱ्यावर पाणी सांडलं.

मग हळूहळू एकेक बाहेर आलं. औषधाने हात थरथरायचे. पाना नटवरून घसरायचा. मालक हसायचा, गिऱ्हाईक विचारायचं, सकाळी सकाळीच लावून आलास का. त्याने गुपचूप गोळ्या सोडल्या. थरथर बरीच कमी झाली आणि तो खूश झाला. कानात पुन्हा आवाज यायला लागलेत, हे मात्र त्याने आईलाही सांगितलं नव्हतं.

ओपीडीत हे कळायची शक्यता जवळजवळ शून्य. तिथे त्याच्या वाट्याला तीन-चार मिनिटं येतात आणि ती चारही मिनिटं आईच बोलते. केसपेपरवर ‘औषधे नियमित घेत नाही, आजाराची जाणीव नाही’ असा शेरा पडला असता. खरं तर त्याला आजाराचीही जाणीव होती आणि नोकरीचीही, आणि दोन्हींतून त्याने नोकरी निवडली होती. डॉक्टरांनी औषध बदललं. त्याची परवानगी घेऊन, आजाराचं नाव न काढता, मी मालकाशी बोलले. या सगळ्याला लागले दोन माणसांचे पाच तास आणि जीपचं डिझेल. तो पुन्हा वॉर्डात आला असता तर खाट महिना-दोन महिने अडली असती, आणि गॅरेजातली जागा गेली असती ती कायमची.

कामाचा दुसरा मोठा ढीग कागदांचा. दिव्यांगत्वाच्या प्रमाणपत्रासाठी मानसिक आजाराला वेगळं मोजमाप आहे. ४० टक्के किंवा त्याहून जास्त भरलं तर सवलती आणि संजय गांधी निराधार योजनेचा रस्ता मोकळा होतो. पण त्यासाठी मंडळाची तारीख, आधारवरचं नाव, उत्पन्नाचा दाखला, तलाठी, तहसील, बँकेचं केवायसी. गर्दीत ज्याचा जीव घाबरा होतो त्याला या पाच रांगांत उभं करायचं. खिडकीतून वर बघत साहेब म्हणतात, “हा तर चांगला चालतोय की.” अशा वेळी शेजारी उभं राहून, आवाज न चढवता, शासन निर्णयाची प्रत काचेखालून सरकवणारं कुणी असलं तर काम होतं. एरवी माणूस घरी परत जातो आणि पुढच्या वेळी आमच्याकडेही येत नाही.

ही कल्पना काही माझ्या डोक्यातून आलेली नाही. अमेरिकेत मोठी मनोरुग्णालयं रिकामी करायला सुरुवात झाली, तेव्हा सोडलेली माणसं काही महिन्यांत परत दारात येऊ लागली. विस्कॉन्सिन राज्यात मॅडिसन इथल्या मेंडोटा रुग्णालयात लेनर्ड स्टाइन आणि मेरी ॲन टेस्ट यांनी १९७० च्या दशकात सरळ वॉर्डातले कर्मचारीच शहरात पाठवले. स्वयंपाक रुग्णाच्या स्वयंपाकघरात शिकवायचा, बसचा प्रवास बसमध्ये, घरमालकाशी बोलणं त्याच्या दारात. १९८० साली त्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि त्यातून जगभर अशी पथकं निघाली, साधारण दहा रुग्णांमागे एक कर्मचारी या हिशेबाने. भरतीचे दिवस घटले, हे सगळे सांगतात. मला त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. १४ महिन्यांनी ही खास सोबत थांबवून रुग्णांना नेहमीच्या सेवेकडे सोपवलं, तेव्हा कमावलेलं बरंचसं पुन्हा गेलं. आपल्याकडे या कामाला माणूस नेमतात तो ११ महिन्यांच्या ऑर्डरवर.

उलट बाजूचा पुरावाही झाकून ठेवू नये. इंग्लंडमध्ये ‘यूके ७००’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रयोगात सातशेवर रुग्ण होते. काहींसाठी एका कर्मचाऱ्यामागे १०-१५ रुग्ण, काहींसाठी ३०-३५. रुग्णालयातल्या दिवसांत फरक पडला नाही. १९९९ साली हे छापून आल्यावर, मग हा सगळा खटाटोप कशाला, असं म्हणणारे तिथेही निघाले. पण नीट बघितलं तर तिथल्या ‘साध्या’ सेवेतही प्रत्येक रुग्णाला त्याचा एक ठरलेला कर्मचारी होताच. प्रश्न फक्त त्याच्यावर बोजा किती, एवढाच होता. आमच्या जिल्ह्यात एकामागे तीसच रुग्ण असते तर मी पेढे वाटले असते. माझ्या एकटीच्या रजिस्टरात नावं होती दोन हजारांच्या घरात. तेव्हा तिकडच्या निष्कर्षावरून इकडे हात झटकणं म्हणजे पोट भरलेल्याच्या ढेकरावरून उपाशी माणसाला जेवण नाकारणं आहे.

आणि आपल्या मातीतला पुरावा आहेच. गोवा, सातारा आणि तामिळनाडू अशा तीन ठिकाणी स्किझोफ्रेनियाच्या २८२ रुग्णांवर एक मोठा प्रयोग झाला, त्याचे निष्कर्ष २०१४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने छापले. त्यात घरी जाणारे कार्यकर्ते तज्ज्ञ नव्हते. किमान दहावीपर्यंत शिकलेली गावातलीच माणसं, सहा आठवडे प्रशिक्षण दिलेली, वर देखरेखीला मानसोपचारातले सामाजिक कार्यकर्ते. नुसत्या दवाखान्यातल्या उपचारांपेक्षा घरापर्यंत जाणारी जोड दिलेल्यांची लक्षणं आणि परावलंबन जास्त घटलं. फरक माफक होता, आणि सगळ्या ठिकाणी सारखा नव्हता. लोकांकडून होणारी हेटाळणी तर त्याने कमी झाली नाही. जादू झाली असा दावा त्या संशोधकांनीही केला नाही, मीही करत नाही. दहावी शिकलेला माणूस हे काम करू शकतो, एवढं साताऱ्यापर्यंत येऊन सिद्ध झालंय, ते मला पुरे आहे.

दुसरा अभ्यास आणखी साधा. आत्महत्येच्या प्रयत्नानंतर रुग्णालयात आणलेल्या १,८६७ जणांवर जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांत तो केला. भारतातलं केंद्र चेन्नईला होतं. निम्म्या लोकांशी तासभर नीट बोलणं आणि पुढच्या १८ महिन्यांत नऊ वेळा फोन किंवा भेट. बाकीच्यांना नेहमीचेच उपचार. १८ महिन्यांनी पाहिलं तर नेहमीच्या उपचारांतल्या २.२ टक्के लोकांनी जीव दिला होता. ज्यांची विचारपूस होत राहिली, त्यांच्यात हे प्रमाण ०.२ टक्के होतं. नऊ फोन! एका माणसाच्या महिन्याच्या रिचार्जमध्ये किती जणांचे होतील, हिशेब करा.

कागदावर आपल्याकडे काय नाही? राष्ट्रीय मानसिक आरोग्य कार्यक्रम १९८२ सालचा. कर्नाटकातल्या बेल्लारी जिल्ह्यात बंगळुरूच्या निम्हान्स या राष्ट्रीय मानसिक आरोग्य संस्थेने करून दाखवलेल्या प्रयोगावरून जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रम १९९६ साली आला. त्याच्या पथकात मानसोपचारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ, सामाजिक कार्यकर्ता, परिचारिका, इतकंच काय, रुग्णांच्या नोंदी ठेवणाऱ्या सहायकाचंही पद आहे. २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१८ च्या मे महिन्यात लागू झाला. त्याचं कलम १८ उपचार हा हक्क ठरवतं, कलम १९ समाजात राहण्याचा हक्क देतं, आणि कलम ९८ सांगतं की रुग्णाला सोडताना पुढचे उपचार कुठे आणि कसे होतील, याचा आराखडा त्याच्याशी आणि घरच्यांशी बोलून करायचा. ही जबाबदारी उपचार करणाऱ्या मानसोपचारतज्ज्ञाची. हे कलम मी एकदा लॅमिनेट करून टेबलाच्या काचेखाली ठेवलं होतं. त्याच वर्षी आमच्या जिल्ह्यातल्या किती माणसांना सोडल्याचं एखाद्या प्रादेशिक मनोरुग्णालयाने आम्हाला आधी कळवलं? मला एकही पत्र आठवत नाही. माणूस घरी येऊन महिना झाला की त्याच्या भावाचा फोन यायचा: “गोळ्या संपल्यात, तिकडं जायला जमत नाही, तुमच्याकडं मिळतील का?”

येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही आपली चार प्रादेशिक मनोरुग्णालयं. एकट्या येरवड्याच्या मंजूर खाटा २,५०० च्या वर. बरं होऊनही वर्षानुवर्षं आत अडकून पडलेल्यांचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि अशांसाठी घर आणि रुग्णालय यांच्या मधल्या निवासांची सोय करा, असा आग्रह २०१७ पासून न्यायालय धरत आलं आहे. ते हवंच. पण आतला माणूस बाहेर काढण्याबरोबर बाहेरचा माणूस बाहेरच कसा टिकेल, याचाही विचार नको का? घरचे एकदा खचले की दार बंद होतं, आणि मग माणूस अडकतो. ते खचण्याआधी कुणी त्यांच्या ओसरीवर जाऊन बसलं असतं तर पुष्कळ दारं उघडी राहिली असती.

आपल्याकडे कुटुंब आहे, त्या अमेरिकेसारखी माणसं एकटी नाहीत, हा आक्षेप मी शंभरदा ऐकलाय. कुटुंब आहे म्हणजे काय आहे? बहुतेक घरांत एक आई असते. ती गोळ्या मोजते, रात्र जागते, शेजाऱ्यांचं ऐकून घेते, आणि ‘बाहेरचं’ बघायला कुणी नेलं तर तिथेही जाते. बिनपगारी, बिनसुट्टीची, बिनप्रशिक्षणाची केस मॅनेजर तीच. ६८ वर्षांच्या अशा एका मावशींनी मला विचारलं होतं, “माझ्यामागं याचं कोण बघंल, तेवढं लिहून ठेवा तुमच्या वहीत.” कुटुंबाच्या नावाने सरकारने आपली जबाबदारी या बाईच्या पदरात टाकली आहे, आणि वर आपण संस्कृतीचं कौतुक करतो.

आशाताई करतील की, हा दुसरा उपाय. आशाताईंच्या पिशवीत आधीच गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, सर्वेक्षणांवर सर्वेक्षणं आहेत, आणि कामागणिक मोबदला. विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत शेतकरी आत्महत्या रोखण्यासाठी प्रेरणा प्रकल्प आला तेव्हाही घरोघर प्रश्नावली घेऊन गेल्या त्या आशाताईच. त्या माणूस शोधून देतात, आणि उत्तम शोधून देतात. शोधलेल्याला पुढची पाच वर्षं धरून ठेवणं हे वेगळं काम आहे. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक २०२२ पासून चालू आहे. तो घराघरांत माहीत असायला हवा, मीही तो कार्डामागे लिहून द्यायचे. पण त्या क्रमांकावर फोन करतो तो, ज्याला अजून फोन करावासा वाटतो.

एका आक्षेपापुढे मात्र मी आजही अडखळते. पाठपुरावा म्हणजे पाळत होऊ शकते. तारीख चुकली म्हणून कुणी दारात येऊन उभं राहणं, शेजाऱ्यांना ‘तो कुठंय’ विचारणं, मालकाला कळणं. पाश्चात्त्य देशांतल्या रुग्णांच्या संघटनांनी या पथकांवर हीच टीका केली आणि ती चुकीची नाही. मीही सुरुवातीच्या काळात एका मुलीच्या सासरी कळवळ्याने गेले आणि तिचं लपवलेलं निदान माझ्या ओळखपत्राने उघडं पाडलं. तिने नंतर माझ्याशी बोलणं सोडलं, आणि तिचं बरोबर होतं. त्यानंतर आम्ही पहिल्याच भेटीत विचारून लिहून ठेवायला लागलो: तारीख चुकली तर घरी आलेलं चालेल का? कुणाशी बोलायचं, कुणाशी नाही? फोन किती वाजता? पुष्कळांनी ‘या’ म्हटलं. काहींनी ‘फक्त फोन’ म्हटलं. एकाने लिहून दिलं, “शनिवारी मारुतीच्या देवळात असतो, तिथे भेटा.” तीन वर्षं आम्ही त्याला देवळातच भेटलो. आगाऊ निर्देश (आपल्यावर कसे उपचार व्हावेत हे आधीच लिहून ठेवणं) आणि नामनिर्देशित प्रतिनिधी (आपल्या वतीने बोलायला आपण नेमलेला माणूस) ही कायद्यातली जड नावं व्यवहारात अशीच दिसायला हवीत.

ऊसतोडीबद्दल बोलल्याशिवाय मला थांबता येणार नाही, कारण आमच्या रजिस्टरातल्या सगळ्यात जास्त रिकाम्या चौकटी दिवाळीनंतरच्या असायच्या. टोळ्या निघाल्या की गावंच्या गावं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात ती पाच-सहा महिन्यांसाठी. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. त्यातल्या एकाला बायपोलर, म्हणजे कधी उन्माद कधी नैराश्य असा आजार, असला, तरी मुकादमाची उचल घेतलेली असते, थांबता येत नाही. आम्ही गोळ्या देणार महिन्याच्या. जिल्हा कार्यक्रमाची हद्द जिल्ह्याच्या शिवेवर संपते, आणि आजार बैलगाडीत बसून पुढे जातो. एका वर्षी डॉक्टरांनी जोखीम घेऊन निवडक रुग्णांना तीन महिन्यांची औषधं दिली, सोबत कारखान्याजवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या नावाने चिठ्ठी, आणि आमचा नोंदींचा मुलगा दर पंधरा दिवसांनी टोळीतल्या एकाच्या मोबाइलवर फोन करायचा. चिठ्ठी घेऊन गेलेल्या दोघांना तिथून ‘तुमच्या जिल्ह्यात जा’ म्हणून परत पाठवलं. तरी त्या हंगामात उलटलेल्यांची संख्या आम्हाला बोटांवर मोजता आली. दुसऱ्या वर्षी औषधसाठ्याच्या हिशेबात हे बसत नाही म्हणून ते थांबलं. लेखापरीक्षणात आक्षेप आला होता.

निम्हान्सने २०१५-१६ मध्ये राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण केलं. निरनिराळ्या आजारांत उपचारांपासून दूर राहिलेल्यांचं प्रमाण ७० ते ९२ टक्के आढळलं. ते सर्वेक्षण १२ राज्यांत झालं आणि त्यात महाराष्ट्र नव्हता. आपलं न मोजण्याशी जुनं नातं आहे.

मला विचाराल तर पैसा आधी इथे घालावा. तालुक्यागणिक दोन माणसं, कायम नेमणुकीची, एकामागे फार तर ४० गंभीर रुग्ण. त्यांना प्रवासभत्ता वेळेवर मिळावा. आमचा आठ-आठ महिने थकायचा आणि भेटी आम्ही पदरचे पैसे घालून करायचो, किंवा करायचो नाही. जिल्ह्याच्या मासिक तक्त्यात ‘किती आले’ याच्या शेजारी ‘किती आले नाहीत, त्यातले किती जण सापडले’ हा रकाना छापावा. मनोरुग्णालयातून माणूस सुटायच्या आधी त्याच्या तालुक्याला फोन गेलाच पाहिजे, त्याशिवाय सुटीच्या कागदावर सही नको. पगाराच्या मोठ्या आकड्याला बिचकणाऱ्यांनी एका मनोरुग्णाला वर्षभर खाटेवर ठेवण्याचा खर्च आधी काढावा. आणि करार प्रकरण बंद करावं. २०२३ मध्ये आणि पुन्हा २०२५ मध्ये आरोग्य अभियानातले कंत्राटी कर्मचारी संपावर गेले, तेव्हा लोकांना आठवलं की ही माणसं आहेत. ज्या रुग्णाला विश्वास टाकायला दीड वर्ष लागतं, त्याच्यापुढे आपण दर वर्षी नवा चेहरा उभा करतो आणि म्हणतो, सांगा, काय त्रास होतो.

एका चुकीबद्दल मी आजवर लिहिलेलं नाही. तिशीतली बाई होती, दोन लहान मुलं, बाळंतपणानंतरच्या नैराश्यातून वॉर्डात येऊन बरी होऊन गेलेली. माझ्याबरोबरच्या मुलीची ऑर्डर त्याच महिन्यात संपली होती, नवी यायची होती. मंगळवारच्या बैठका दोनदा झाल्या नाहीत. पहिली चौकट रिकामी राहिली तेव्हा मी मनाशी म्हटलं, माहेरी गेली असेल. दुसरी रिकामी राहिली तेव्हा दिवाळी होती, म्हणजे माहेरीच असणार. पाचव्या आठवड्यात फोन केला, तो तिच्या दिराने उचलला. तिला जाऊन बारा दिवस झाले होते. महिनाअखेरीच्या तक्त्यात आमची बेरीज बरोबर जुळली. कुठेही काही कमी नव्हतं.

त्या दिवसानंतर मी रजिस्टरात निदानाच्या शेजारी लाल पेनने एक रकाना आखला आणि वर ‘का?’ असं लिहिलं. छापील नमुन्यात तो नव्हता म्हणून तपासणीला आलेल्या साहेबांनी खोडायला सांगितला होता. मी खोडला नाही.

निवृत्त होऊन आता दोन वर्षं झाली. माझ्या जागी कुणी आलेलं नाही, जाहिरात निघेल म्हणतात. जुन्या रुग्णांच्या कार्डामागे अजून माझाच नंबर आहे. परवा रविवारी दुपारी जेवायला बसले होते, तेवढ्यात फोन वाजला. त्याच गॅरेजातल्या मुलाची आई. “ताई, तो चार दिवस झोपला न्हाई. कुनाला सांगू आता?”